केडलस्टन हॉल : घर कुणाचे, हिशेब कुणाचा?

१/
इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात, डर्बी शहराजवळ, केडलस्टन हॉल नावाची एक हवेली आहे. तिचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की खाली दोनच प्रकारची वाक्ये उमटतात. आपल्याकडचे लिहितात, ‘ही आमच्या लुटीतून उभी राहिली.’ तिकडचे लिहितात, ‘वास्तू पाहा, राजकारण आणू नका.’ ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत, असे माझे म्हणणे आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा.

२/
आरंभीच माझी बाजू सांगतो. मी या हवेलीच्या वकिलीसाठी उभा नाही. साम्राज्याचा हिशेब मागितलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात संशय नाही. पण हिशेब मागणाऱ्याची वही स्वच्छ असावी लागते. एक आकडा खोटा निघाला की समोरचा सगळी वहीच फेटाळतो, आणि तसे करण्याची संधी त्याला आपणच दिलेली असते.

३/
प्रथम घराची ओळख. कर्झन घराणे केडलस्टनला बाराव्या शतकापासून आहे. घराण्याच्या ब्रीदवाक्याचा आशय असा : कर्झनांकडे जे होते, ते कर्झनांकडेच राहो. सातशे-आठशे वर्षे एकाच जमिनीवर टिकून राहिलेल्या सरंजामी कुळाला शोभणारे हे ब्रीद आहे. ते मनात ठेवा; धाग्याच्या शेवटी त्याची गरज पडेल.

४/
१७५८ मध्ये सर नॅथॅनिएल कर्झन यांना वारसा मिळाला आणि त्यांनी जुने घर पाडून नवे बांधायला घेतले. मॅथ्यू ब्रेटिंगहॅम आणि जेम्स पेन या वास्तुविशारदांनी आरंभ केला; इटलीहून नुकताच परतलेला तरुण रॉबर्ट ॲडम आधी बागेतील इमारतींसाठी आला आणि १७६० पर्यंत सगळे काम त्याच्या हाती गेले. १७६१ मध्ये नॅथॅनिएल ‘बॅरन स्कार्सडेल’ झाले.

५/
ॲडमने येथे रोम उतरवले. दक्षिणेकडील दर्शनी भाग कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवर बेतलेला आहे. आतील गोल दालनावर पँथिऑनची आठवण करून देणारा घुमट आहे. प्रवेशाच्या भव्य दालनात अलाबास्टर दगडाचे वीस स्तंभ आहेत. मूळ आराखड्यात मध्यवर्ती वास्तूला जोडलेली चार उपगृहे होती; प्रत्यक्षात दोनच झाली. हा अपुरेपणाही लक्षात ठेवा.

६/
आता पहिला प्रश्न : याला पैसा कुणी दिला? तारखा पाहा. प्लासीची लढाई १७५७ ची, बंगालची दिवाणी १७६५ ची. केडलस्टनचे मुख्य बांधकाम बरोबर या दोहोंच्या मधले. वर्षे जुळतात म्हणून आपण झटकन निष्कर्ष काढतो. पण नॅथॅनिएल कर्झन हे कंपनीच्या चाकरीतून गबर होऊन परतलेले ‘नबाब’ नव्हते. ते जमीनदार होते, आणि त्यांचे उत्पन्न मुख्यतः इंग्लंडमधील जमिनींच्या खंडाचे होते.

७/
म्हणजे ‘केडलस्टन भारताच्या लुटीतून बांधले’ हे विधान टिकत नाही. वर्षे जुळणे आणि पैसा जुळणे या भिन्न गोष्टी आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही एकच सवय अंगी बाणवली तरी समाजमाध्यमांवरील निम्मा इतिहास आपोआप गळून पडेल.

८/
मग इंग्लंडमध्ये भारतीय पैशाची घरे नाहीत काय? आहेत, आणि ती नावानिशी दाखवता येतात. रॉबर्ट क्लाइव्हने सरे परगण्यातील क्लेअरमाँट नव्याने बांधून घेतले. बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत गडगंज झालेल्या फ्रान्सिस साइक्सने बर्कशरमध्ये बॅसिल्डन पार्क उभारले. ग्लॉस्टरशरमधील कॉकरेलांचे सेझिनकोट तर मुघल शैलीचा घुमट मिरवते. वॉरन हेस्टिंग्जचे डेल्सफर्डही याच यादीत बसते.

९/
आणखी एक तुलना. यॉर्कशरमधील हेअरवुड हाउसची पायाभरणी १७५९ ची, म्हणजे केडलस्टनच्याच सुमाराची. तिथेही अंतर्भागाची सजावट रॉबर्ट ॲडमची. पण लॅसेल्स घराण्याचा तो पैसा वेस्ट इंडिजमधील साखरेचा, गुलामांच्या श्रमांचा आणि त्यांच्या खरेदी-विक्रीचा होता. काळ तोच, कलावंत तोच, आणि पैशाचा उगम मात्र सर्वस्वी वेगळा. स्तंभ पाहून हे कळत नाही. त्यासाठी जमाखर्चच पाहावा लागतो.

१०/
येथे तिकडचा वाचक सुखावेल : ‘म्हणजे केडलस्टन निष्कलंक!’ थांबा. खंडाचा पैसाही आकाशातून पडत नाही. नव्या घराला मोकळा देखावा हवा म्हणून केडलस्टनचे जुने गाव उठवून दूर वसवले गेले. रस्ताही वळवला गेला. जागेवर राहिले ते फक्त मध्ययुगीन चर्च, हवेलीला अगदी खेटून, गावाविना उभे.

११/
आज पर्यटक ज्या हिरव्यागार कुरणाला ‘निसर्गरम्य’ म्हणतात, तिथे माणसे राहत होती. अठराव्या शतकातील इंग्लिश उद्यानकलेचे हे एक उघड गुपित आहे : धन्याच्या खिडकीतून शेतकरी दिसू नये, मेंढ्या दिसल्या तर चालतील. साम्राज्याची सवय आधी घरच्याच प्रजेवर गिरवली गेली, असे मी म्हणालो तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये.

१२/
त्या घराला एक उदार सवय मात्र होती. आरंभीच्या काळापासूनच ते पाहुण्यांना दाखवले जाई. आतील चित्रांची छापील यादी पाहुण्यांच्या हाती दिली जाई. मिसेस गार्नेट नावाच्या तेथील कारभारणीचे हाती यादी धरलेले चित्रही त्या घरात आहे. नोकरवर्गातील एका स्त्रीचे असे चित्र दुर्मीळच. पण घर पाहणे आणि घराचा जमाखर्च पाहणे यांत तेव्हाही अंतर होते, आजही आहे.

१३/
आता भारताचा खरा धागा. १७९८ मध्ये लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर-जनरल म्हणून आला. कोलकात्यातील निवासस्थान त्याला आपल्या दर्जाला न शोभणारे वाटले. १७९९ मध्ये नव्या ‘गव्हर्नमेंट हाउस’चे काम सुरू झाले. चार्ल्स वायट या अभियंत्याने आराखडा केला, आणि नमुना म्हणून घेतला तो डर्बीशरमधील केडलस्टन हॉल. केडलस्टनच्या बांधकामावर देखरेख करणारा सॅम्युएल वायट हा त्याच वायट घराण्यातला.

१४/
आता तो अपुरेपणा आठवा. केडलस्टनला चार उपगृहे योजली होती, झाली दोन. कोलकात्यात चारही झाली. डर्बीशरच्या खंडावर जे स्वप्न अर्धे राहिले, ते हुगळीच्या काठी पुरे झाले. दगडाऐवजी विटा आणि वर पांढरा गिलावा, एवढाच फरक. खर्च ६३,००० पौंडांहून अधिक. लंडनमधील संचालक या उधळपट्टीवर भडकले. १८०५ मध्ये वेलस्लीला परत जावे लागले, त्यामागील तक्रारींत हीही एक होती.

१५/
तो पैसा कुणाचा? कंपनीच्या तिजोरीचा. आणि ती तिजोरी भरत होती ती बंगाल-बिहारच्या रयतेने दिलेल्या महसुलाने. म्हणून माझे म्हणणे असे : भारतीयांच्या पैशाने बांधलेले केडलस्टन खरोखरच अस्तित्वात आहे. फक्त ते इंग्लंडमध्ये नाही, कोलकात्यात आहे. आपण चुकीच्या खंडातील इमारतीकडे बोट दाखवत आलो आहोत.

१६/
मराठी वाचकाने येथे तारीख टिपून ठेवावी. गव्हर्नमेंट हाउस जानेवारी १८०३ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जेमतेम काही दिवस आधी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली होती. सप्टेंबरमध्ये असई, नोव्हेंबरमध्ये अडगाव, डिसेंबरमध्ये गाविलगड. ज्या गव्हर्नर-जनरलने ती युद्धे आखली, त्याचा कारभार त्या नव्या वास्तूतून चालत होता.

१७/
थाट ही वेलस्लीच्या दृष्टीने चैन नव्हती, ते राज्यकारभाराचे साधन होते. व्यापाऱ्यांच्या वखारीतून नव्हे तर राजवाड्यातून हिंदुस्थानावर राज्य करायचे, हा त्याचा आग्रह. इंग्लिश जमीनदाराने शेजारच्या जमीनदारावर छाप पाडण्यासाठी उभारलेली शैली अशा रीतीने साम्राज्याचा गणवेश झाली. ‘वास्तू पाहा, राजकारण आणू नका’ म्हणणाऱ्यांना विचारावे : त्या स्तंभांचे काम राजकारणाखेरीज दुसरे काय होते?

१८/
पुढचा योगायोग एखाद्या कादंबरीत घातला असता तर खोटा वाटला असता. केडलस्टनमध्ये ११ जानेवारी १८५९ रोजी जन्मलेला जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन कोलकात्यास आला आणि आपल्या बालपणीच्या घराच्या प्रतिकृतीत राहू लागला. परदेशातील परकेपणाची जी जाणीव शासकाला थोडी तरी नम्र करते, ती त्याच्या वाट्याला येण्याची शक्यताच या इमारतीने पुसून टाकली होती.

१९/
त्या वर्षी, १८९९-१९०० मध्ये, मुंबई इलाखा, मध्य प्रांत आणि राजपुताना भीषण दुष्काळात होरपळत होते. १९०३ च्या आरंभी दिल्लीत भव्य दरबार भरला. दरबाराच्या नृत्यसमारंभात व्हाइसरॉयची पत्नी मेरी हिने मोराच्या पिसांच्या नक्षीचा झगा घातला : जरीकाम भारतीय कारागिरांचे, शिवण पॅरिसची, पिसांच्या डोळ्यांत भुंग्यांचे चकाकते पंख. तो झगा आज केडलस्टनमध्ये आहे.

२०/
त्या झग्यापाशी क्षणभर थांबा. परिधान करणारीचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पॅरिसच्या वर्थ या शिवणगृहाचेही. सुई चालवणाऱ्या जरदोजी कारागिरांची नावे कोणत्याही फलकावर सापडत नाहीत. आणि कर्झनच्या थाटामागे सासऱ्याचा, शिकागोतील धनाढ्य व्यापारी लिवाय लायटर यांचा पैसाही होता. सरंजामी इंग्लंड, अमेरिकी भांडवल आणि भारतीय हात, तिन्ही एका वस्त्रात शिवलेले.

२१/
हवेलीच्या तळमजल्यावर ‘पौर्वात्य संग्रहालय’ आहे. कर्झनने आशियाच्या प्रवासात आणि व्हाइसरॉयपदाच्या काळात जमवलेल्या वस्तूंचे. त्याच्या मृत्यूनंतर, १९२७ मध्ये ते खुले झाले. येथेही ‘सगळी लूट’ म्हणून मोकळे होऊ नका. काही वस्तू विकत घेतलेल्या आहेत, काही भेटीदाखल मिळालेल्या. पण ज्याच्या एका सहीवर संस्थानिकाची गादी राहते वा जाते, त्याला दिलेली भेट कितपत स्वेच्छेची असते? ‘भेट’ या शब्दावर प्रश्नचिन्ह लावणे हे आपले काम. ते लावायचे तर वस्तुगणिक लावावे लागेल.

२२/
आता कर्झनभक्तांचा आवडता मुद्दा : त्यानेच आपली स्मारके वाचवली. अंशतः खरे आहे. १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा त्याच्या कारकिर्दीतला; पुरातत्त्व खात्याला त्यानेच नवे बळ दिले आणि जॉन मार्शल यांना आणले. हे नाकारणे खोटेपणाचे ठरेल. पण पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, त्याने बंगालची फाळणी केली. दगडांच्या बाबतीत इतका हळवा असलेला माणूस माणसांच्या बाबतीत नकाशावर रेघ ओढून मोकळा झाला.

२३/
इंग्लंडला परतल्यावर त्याने १९११ मध्ये टॅटरशॉल किल्ला विकत घेऊन वाचवला. तेथील कोरीव अग्निकुंडे उखडून अमेरिकेला विकली जाणार होती. ती त्याने परत आणवली. या प्रकरणानंतर १९१३ मध्ये ब्रिटनमध्ये स्मारक संरक्षणाचा अधिक कडक कायदा झाला. राष्ट्राचा वारसा खासगी मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, हे तत्त्व कर्झन भारतात आधीच राबवून आला होता. परदेशी जाणाऱ्या अग्निकुंडांसाठी इंग्लंड हळहळले. तीच हळहळ इतरांना वाटली की ती ‘राजकारण’ कशी होते?

२४/
१९८७ मध्ये केडलस्टन नॅशनल ट्रस्टकडे आले, आणि त्यासाठी सार्वजनिक निधी खर्ची पडला. घराण्याच्या वास्तव्याची सोय राहिली, देखभालीचा भार समाजाने उचलला. आज ती पहिल्या दर्जाची संरक्षित वास्तू आहे. इंग्लंडमधील एकूण संरक्षित वास्तूंपैकी जेमतेम अडीच टक्के या वर्गात बसतात. ‘कर्झनांकडे जे होते ते कर्झनांकडेच राहो’ या ब्रीदाचा हा आधुनिक अवतार : राहिले, पण खर्च सर्वांचा.

२५/
आणि ज्याचा खर्च सर्वांचा, त्याविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकारही सर्वांचा. सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ताब्यातील वास्तूंच्या वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेल्या संबंधांचा अहवाल काढला. त्यात ९३ स्थळांची नोंद होती. काही खासदार आणि वृत्तपत्रे खवळली, तक्रारी झाल्या. धर्मादाय आयोगाने चौकशी केली आणि २०२१ मध्ये ट्रस्टवर कारवाईचे कारण नसल्याचे सांगितले.

२६/
‘इतिहास पुन्हा लिहू नका’ ही त्या वेळची आरोळी. पण इतिहास पुन्हा लिहिणे हाच तर इतिहासकाराचा व्यवसाय आहे. नवा कागद सापडला, नवा प्रश्न सुचला की जुने पान दुरुस्त होते. घराच्या माहितीत छताच्या गिलाव्यावर चार परिच्छेद आणि उठवलेल्या गावावर एक ओळ असेल, तर तीही एक निवडच आहे. मौनालाही पक्ष असतो.

२७/
आता आरसा आपल्याकडे वळवू, अन्यथा हा सारा खटाटोप दांभिक ठरेल. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर तुटून पडल्या. कोलकात्यात त्यांच्या भीतीने खंदक खोदला गेला. ‘मराठा खंदक’ हे नाव त्याला तेव्हाचे. १७५१ च्या तहाने बंगालवर वर्षाला बारा लाखांची चौथाई बसली. बंगाली लोकस्मृतीत ‘बर्गी’ हा शब्द आजही मुलांना भीती घालणारा आहे.

२८/
म्हणून केडलस्टनला जो प्रश्न विचारतो, तोच आपल्या वाड्यांना आणि राजवाड्यांनाही विचारता आला पाहिजे : पैसा कुठून आला, वेठीला कोण होते, कुणाची घरे उठली? हा प्रश्न विचारल्याने इंग्रजांचे पाप हलके होत नाही. दोनशे वर्षांची परकी सत्ता आणि मुलुखगिरी यांची तुलना सरसकट करताही येत नाही. पण प्रश्न एकच ठेवला तरच आपला आवाज विश्वासार्ह राहतो.

२९/
तरुण मित्रांनो, व्यावहारिक सल्ला एवढाच. पुढच्या वेळी एखाद्या हवेलीचे छायाचित्र दिसले की चार गोष्टी तपासा. बांधकामाचे वर्ष. त्या वर्षी मालकाचा धंदा. पैशाचा ज्ञात उगम. आणि त्या जागेवर पूर्वी काय होते. चारांपैकी एकही ठाऊक नसेल तर टिप्पणी लिहिण्याआधी एक संध्याकाळ वाचनालयात घालवा. संताप वाया जात नाही. त्याला पुराव्याची जोड मिळते.

३०/
केडलस्टन सुंदर आहे, आणि तसे म्हणायला मला संकोच वाटत नाही. त्या वीस स्तंभांमध्ये उभे राहिलेल्याने मान वर करून पाहावेच. मात्र नंतर बाहेर येऊन हिरवळीकडेही पाहावे, जिथे गाव होते. आणि कधी कोलकात्यास गेलात तर राज्यपालांच्या निवासस्थानाच्या फाटकाशी थांबून चारही उपगृहे मोजावीत. मूळ घराला जी परवडली नाहीत, ती आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी भरलेल्या साऱ्यातून उभी आहेत. त्या हिशेबात मात्र चूक नाही.